म्हातारचळ नव्हे, आजार



कुही तालुक्यातल्या आदिवासी वस्त्यांवर भेटीला गेलो की 'बुढीला म्हातारचळ लागला' असे ऐकू येते. चूल पेटवून विसरणे, घरची वाट चुकणे, सुनेवर चोरीचा आळ घेणे; कोणी वयाला दोष देते, कोणी करणीला. पण हा मेंदूचा आजार आहे, स्मृतिभ्रंश. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढील सुमारे ८८ लाख भारतीयांना तो आहे, आणि त्याचे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे.

तो बरा करणारे औषध नाही. मग पैसा कशाला? विसरण्यामागे कधी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड किंवा नैराश्य असते आणि ते उपचाराने सुधारू शकते. म्हणून पहिला खर्च रक्ततपासणीचा व नागपूरला जाण्यायेण्याच्या भाड्याचा. दुसरा, घरोघरी जाणाऱ्या सेविकेच्या मानधनाचा. वाद घालू नका, कोंडून ठेवू नका, रोजचा क्रम मोडू नका, हे ती समजावते. निरक्षर आजीला ती तारीख विचारत नाही. शेतात सध्या कोणते काम चालू आहे, ते विचारते. तिसरा खर्च सोबतीचा. सून मजुरीला गेली तरच घर चालते. तेवढा वेळ आजीजवळ कोणी बसायला हवे.

आईबापांचा मान राखण्याची आज्ञा, ते आपल्याला ओळखेनासे झाले तरी संपत नाही. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. त्या सुमाराच्या रविवारी आपल्या मंडळीत या कामासाठी प्रार्थना व दानार्पण व्हावे, ही नम्र विनंती.