भोपळ्याचे कवच

परसातल्या वेलीवरून उतरविलेला तांबडा भोपळा माळ्यावर किंवा फळीवर ठेवला, की त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तो टिकणारच, अशी सर्वांची समजूत असते. मग एखाद्या दिवशी भाजीसाठी तो उचलावयास जावे, तो बोटे आत रुततात आणि खाली चिकट पाण्याचे थारोळे दिसते. शेजारचा भोपळा मात्र जसाच्या तसा टणक असतो. एकाच वेलीची, एकाच दिवशी काढलेली ही दोन फळे. मग एक नासावे आणि दुसरे टिकावे, असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर माळ्यावर शोधून सापडावयाचे नाही. ते बहुधा दोन-तीन महिने मागे, बागेत सापडते.

भोपळा तोडला म्हणजे तो मेला असे नव्हे. तोडल्यावरही त्याच्या गरातील पेशींचे श्वसन चालू असते. साठविलेले अन्न त्या हळूहळू खर्च करीत असतात. याच काळात पिष्टाची साखर होत जाते, आणि म्हणून काही आठवडे ठेवलेला भोपळा ताज्यापेक्षा गोड लागतो. या जिवंत फळाला बाहेरच्या जगापासून अलग ठेवणाऱ्या गोष्टी दोनच: टणक साल आणि बुचासारखा वाळलेला देठ. धडधाकट सालीतून आत शिरणे बहुतेक बुरशींना जड जाते. त्यांना ओरखडा, भोक किंवा तुटलेला देठ हवा असतो. तेव्हा भोपळ्याचे रक्षण म्हणजे मुख्यतः त्याच्या सालीचे रक्षण होय.

येथे नावासंबंधी थोडा खुलासा करणे अवश्य आहे, कारण अनुवादकाची येथे नेहमीच पंचाईत होते. आपण ज्याला तांबडा भोपळा किंवा डांगर म्हणतो, त्याला विदर्भात कोहळे म्हणतात. आणि दिल्लीच्या मंडईत सीताफल मागितले, तर पदरात हाच पडतो! थंड देशांत याच्या टिकाऊ जातींना ‘हिवाळी’ हे विशेषण लावतात. ते हिवाळ्यात पिकतात म्हणून नव्हे, तर हिवाळाभर पुरतात म्हणून.

सालीचा पहिला आणि सर्वांत धूर्त शत्रू म्हणजे फळमाशी. फळ कोवळे असताना मादी आपल्या टोकदार अवयवाने साल टोचते आणि आत अंडी घालते. एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडून गर खाऊ लागतात, आणि त्या इवल्याशा भोकातून कुजविणारे जंतूही आत शिरतात. पुढे अळी जमिनीत उतरते व तेथे कोषात जाते. त्यामुळे किडके फळ तोडून बांधाला फेकून देणे म्हणजे माशांची पुढची पिढी आपण होऊन पेरणे होय. असे फळ दीड हात खोल पुरावे, किंवा घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कडक उन्हात ठेवावे. चांगल्या फळासाठी सर्वांत साधा उपाय म्हणजे ते लिंबाएवढे होताच त्याला कागदाची किंवा पातळ कापडाची पिशवी बांधणे. साल कठीण झाली, की माशीचा उपद्रव कमी होतो. ‘क्यू-ल्यूर’ नावाच्या द्रव्याच्या सापळ्याकडे या माशीचे नर ओढले जातात. पण एकट्या परसात तो लावून फारसे साधत नाही, सगळ्या आळीने लावावा. जपानने ओकिनावाच्या बेटांवर किरणोत्साराने वांझ केलेल्या माशा प्रचंड संख्येने सोडून 1993 पर्यंत या माशीचे निर्मूलन केले. तो राष्ट्राचा उद्योग झाला. आपल्याला पिशवी पुरे.

दुसरा शत्रू तांबड्या भुंगेऱ्याचा. दोन दले उमलताच हे नारिंगी-तांबडे किडे रोपे चाळणीसारखी करून टाकतात. पहाटेच्या दवात ते सुस्त असतात. तेव्हाच वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. दव असतानाच पानांवर चुलीतील राख भुरभुरण्याची जुनी रीतही उपयोगी पडते. मात्र या किड्याच्या अळ्या जमिनीत राहून मुळे खातात आणि मातीला टेकलेले फळही पोखरतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून वाढत्या फळाखाली वाळलेले गवत, फळी किंवा एखादे कौल सरकवावे. ओल्या मातीतून येणारी कुजही त्यामुळे टळते.

पानांचे रोग फळापर्यंत आडमार्गाने पोचतात. भुरीने पाने पांढरी पडून वाळली, म्हणजे फळाला पुरेसे पिष्ट मिळत नाही, आणि उघडे पडलेले फळ उन्हाने भाजते. 1999 मध्ये ब्राझीलचे शास्त्रज्ञ वाग्नेर बेत्तिओल यांनी भोपळ्याच्याच कुळातील झुकिनीवर पातळ केलेले दूध फवारून भुरी आटोक्यात येते, असे दाखविले. एक भाग दूध व नऊ भाग पाणी हे प्रमाण घरी करून पाहण्यासारखे आहे. केवड्याची बुरशी पाने ओली राहिली तरच रुजते, म्हणून पाणी सकाळी व बुडाशी द्यावे. पाने चितकबरी होऊन आक्रसली, तर तो मावा किंवा पांढरी माशी पसरविते तो विषाणुरोग. त्यावर औषध नाही, वेल उपटावा. फवारणी कोणतीही असो, ती संध्याकाळी करावी. भोपळ्याची फुले पहाटे उमलतात, आणि मधमाशा तेव्हाच येतात. त्याच वाफ्यात पुन्हा भोपळा, काकडी, दोडका किंवा कारले दोन-तीन वर्षे लावू नये. ही सर्व एकाच कुळातील.

आता काढणी. देठ सुकून बुचासारखा झाला आणि नखाने साल चिरेना, म्हणजे फळ तयार झाले. धारदार सुरीने चार बोटे देठ ठेवून ते कापावे. देठ धरून भोपळा उचलण्याची सवय शाळेच्या बागेत तर सर्रास दिसते. देठ मूठ नव्हे, तो झाकण आहे. तो निखळला तर तेच फळ आधी खावे. नंतर फळे दहा ते चौदा दिवस 27 ते 29 अंश सेल्सिअसच्या उबेत, वाऱ्यावर, सावलीत ठेवावीत. त्यात फळ वाळत नाही. साल मात्र कठीण होते आणि बारीकसारीक ओरखडे भरून येतात.

साठवणीला 10 ते 13 अंश तपमान उत्तम. आपल्या सपाटीवरच्या घरांत ते मिळत नाही, म्हणून भोपळा काही महिनेच टिकतो, परदेशी पुस्तकांतल्याइतका नाही. पण यावरून अख्खा भोपळा शीतकपाटात ठेवू नये. तेथील थंडी 10 अंशांच्या पुष्कळ खाली असते. त्या थंडीने पेशींना इजा होते आणि बाहेर काढताच बुरशी चढते. फळे एकमेकांस न टेकता एका थरात, गवतावर किंवा शिंक्यात ठेवावीत. पिकणारी केळी व आंबे दूर असावेत. त्यांतून निघणारा इथिलीन वायू भोपळ्याचे आयुष्य कमी करतो. आठवड्यातून एकदा प्रत्येक फळ हाताने उलटून पाहावे आणि मऊ लागलेले त्याच दिवशी बाजूला काढावे. चिरल्यावर गर कडू लागला, तर तो शिजवूनही खाऊ नये. त्यातील कडू द्रव्य विषारी असते आणि शिजविल्याने जात नाही. चांगल्या निघालेल्या भोपळ्याची उरलेली फोड मात्र झाकून शीतकपाटात ठेवावी आणि चार-पाच दिवसांत संपवावी. तिला कवच उरलेले नसते.