सदुसष्ट दिवसांचा मॅनेजर

२७ जून २०१६ रोजी नीस येथे आइसलँडसारख्या चिमुकल्या देशाकडून १-२ असा पराभव पत्करून इंग्लंडचा संघ युरो स्पर्धेतून बाहेर पडला आणि मॅनेजर रॉय हॉजसन यांनी त्याच रात्री राजीनामा दिला. बरोबर तीन महिन्यांनी, २७ सप्टेंबरला, त्यांचे वारसदार सॅम अ‍ॅलर्डाइस यांनाही पद सोडावे लागले. अ‍ॅलर्डाइस मात्र एकही सामना हरले नव्हते. ६७ दिवसांच्या कारकिर्दीत त्यांच्या वाट्याला सामनाच एक आला आणि स्लोव्हाकियाविरुद्धचा तो सामना अ‍ॅडम ललानाने भरपाई वेळेत केलेल्या गोलमुळे इंग्लंडने जिंकलाही. अ‍ॅलर्डाइस यांची विकेट काढली ती 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्राने.

या वृत्तपत्राच्या प्रतिनिधींनी अतिपूर्वेकडील एका कंपनीचे व्यावसायिक असल्याची बतावणी केली होती. ही कंपनी अस्तित्वातच नव्हती. सिंगापूर आणि हाँगकाँगला जाऊन गुंतवणूकदारांसमोर बोलायचे आणि त्याबदल्यात चार लाख पौंड घ्यायचे, असा प्रस्ताव अ‍ॅलर्डाइस यांच्यासमोर ठेवण्यात आला. छुप्या कॅमेऱ्यासमोर ते मोकळेपणाने बोलत गेले. हॉजसन यांच्या उच्चारांची त्यांनी टिंगल केली, वेम्बली स्टेडियमवर केलेल्या खर्चावरून आपल्याच मालकांना, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला, नावे ठेवली. एवढ्यावर थांबले असते तर कदाचित निभावून गेले असते. पण खेळाडूंच्या त्रयस्थ मालकीवरील बंदीतून वाट काढणे अवघड नाही, असे सांगून त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

ही त्रयस्थ मालकी समजून घेतल्याशिवाय प्रकरणाचे गांभीर्य ध्यानात येत नाही. एखाद्या खेळाडूच्या भावी विक्रीतून मिळणाऱ्या रकमेत क्लबखेरीज बाहेरच्या कंपनीनेही आपला हिस्सा राखून ठेवायचा, असा हा व्यवहार. खेळाडू जितक्या वेळा विकला जाईल तितका कंपनीचा फायदा. त्यामुळे त्याने कोठे खेळावे, याचा निर्णय मैदानाबाहेरच्या गुंतवणूकदाराच्या हाती जाण्याचा धोका असतो. कार्लोस तेवेझ आणि हावियेर मास्केरानो या अर्जेंटिनाच्या खेळाडूंच्या करारांवरून वेस्ट हॅम क्लबला २००७ मध्ये ५५ लाख पौंडांचा दंड झाला, त्यानंतर इंग्लंडमध्ये या प्रकाराला बंदी आली. 'फिफा'ने २०१५ मध्ये ती जगभर लागू केली. हा नियम ज्या संघटनेने आपल्या देशात आणला, तिच्याच सर्वांत मोठ्या पगारदाराने त्यातील पळवाटांविषयी अनोळखी माणसांशी गप्पा माराव्यात, हे असोसिएशनला परवडणारे नव्हते. बातमी प्रसिद्ध झाल्यानंतर चोवीस तासांच्या आत, परस्परसंमतीच्या नावाखाली, अ‍ॅलर्डाइस बाहेर पडले. आपण मूर्खपणा केला, हे त्यांनी कबूल केले. परंतु विजय सापळ्याचा झाला, असे म्हणायलाही ते विसरले नाहीत.

त्यांची ही तक्रार अगदीच निराधार म्हणता येत नाही. आधीच घडलेला गैरव्यवहार उजेडात आणणे निराळे आणि आमिष दाखवून कोण गळाला लागतो हे पाहणे निराळे. चार लाखांचा प्रस्ताव वृत्तपत्राचा होता, कंपनीही त्याचीच होती. असे काम स्वीकारण्यापूर्वी असोसिएशनची परवानगी घ्यावी लागेल, असे अ‍ॅलर्डाइस त्याच संभाषणात म्हणाले होते. मथळ्यात मात्र परवानगीचा उल्लेख कोण करणार? ब्रिटिश संपादकांच्या आचारसंहितेनुसार वेशांतर आणि छुपा कॅमेरा एरवी निषिद्धच आहेत. लोकहिताचा प्रश्न असेल आणि माहिती मिळवण्याचा दुसरा मार्ग नसेल, तरच त्यांना मुभा आहे. त्रयस्थ मालकीविषयीची विधाने या कसोटीवर टिकतात. हॉजसन यांच्या बोलण्याची नक्कल टिकत नाही. पण वाचकांच्या पुढ्यात दोन्ही एकाच ताटात वाढली गेली.

याच खेळीचा फटका दहा वर्षांपूर्वी स्वेन-गोरान एरिक्सन यांना बसला होता. जानेवारी २००६ मध्ये दुबईत एका धनाढ्य अरबाशी बोलताना या स्वीडिश प्रशिक्षकाने, तुम्ही अ‍ॅस्टन व्हिला क्लब विकत घेतलात तर विश्वचषकानंतर मी तेथे येईन, अशी तयारी दाखवली. तो अरब म्हणजे 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'चा बातमीदार मझहर मेहमूद होता. बातमी १५ जानेवारीला आली, २३ जानेवारीला एरिक्सन विश्वचषकानंतर पद सोडतील असे जाहीर झाले. त्यांचा करार २००८ पर्यंतचा होता. नोकरी बदलण्याचा विचार करणे हा गैरवर्तनाचा कोणता प्रकार, हे तेव्हा कोणी नीट सांगितले नाही.

खरे तर असोसिएशनची अब्रू त्याआधीच, २००४ मध्ये, गेली होती. कार्यालयातील एका महिला सचिवाशी एरिक्सन यांचे संबंध असल्याची बातमी आधी तिने नाकारली आणि मग मान्य केली. त्याच सचिवाशी मुख्य कार्यकारी अधिकारी मार्क पेलिओस यांचेही संबंध होते. त्यांचे नाव छापू नये म्हणून असोसिएशनच्या प्रसिद्धी विभागप्रमुखाने 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ला एरिक्सन यांच्याविषयीचा तपशील देऊ केला. हा सौदाच वृत्तपत्राने छापून टाकला! पेलिओस यांनी राजीनामा दिला, प्रसिद्धीप्रमुखही गेले. चौकशीत एरिक्सन यांच्याविरुद्ध काही निष्पन्न झाले नाही. मॅनेजरच्या खासगी आयुष्यात डोकावणाऱ्या वृत्तपत्राच्या हाती या वेळी, जवळपास योगायोगानेच, लोकहिताची बातमी लागली होती.

ग्लेन हॉडल यांच्यासाठी मात्र कोणी सापळा लावण्याची गरजच पडली नाही. ३० जानेवारी १९९९ रोजी 'द टाइम्स'मध्ये त्यांची मुलाखत आली. अपंगत्व हे मागील जन्मीच्या कृत्यांचे फळ असते, असा तिचा आशय होता. पूर्वसंचित हा शब्द आपल्याकडे नित्याच्या बोलण्यातला असल्याने मराठी वाचकाला त्या कल्पनेचे नवल वाटणार नाही, तिच्यातील क्रौर्य मात्र अपंग व्यक्तीला तेथे आणि येथे सारखेच जाणवते. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असे हॉडल म्हणाले. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीही दूरचित्रवाणीवर प्रतिकूल मत दिले आणि २ फेब्रुवारीला हॉडल यांना काढून टाकण्यात आले.

सापळे लावणाऱ्यांचे पुढे काय झाले? मेहमूदने २०१० मध्ये लॉर्ड्स कसोटीतील 'नो-बॉल'चा सौदा उघड केला, त्यातून सलमान बट, मोहम्मद आसिफ आणि मोहम्मद आमिर हे पाकिस्तानी क्रिकेटपटू तुरुंगात गेले. त्या कामगिरीचे मोल नाकारता येणार नाही. परंतु फोन-हॅकिंगच्या प्रकरणात 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' जुलै २०११ मध्ये बंद पडले आणि एका गायिकेविरुद्धच्या खटल्यात पुराव्याशी छेडछाड केल्याबद्दल मेहमूदलाच न्यायालयाने दोषी ठरवले. ही घटना ऑक्टोबर २०१६ ची, म्हणजे अ‍ॅलर्डाइस गेल्यानंतर अवघ्या आठवड्याभरातली. त्याला पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. एरिक्सन यांनी फोन-हॅकिंगबद्दल मिरर समूहावर २०१२ मध्ये दावा लावला होता, तो समूहाने भरपाई देऊन मिटवला. एरिक्सन यांचे ऑगस्ट २०२४ मध्ये निधन झाले.

'टेलिग्राफ'ची सामग्री पुढे सिटी ऑफ लंडन पोलिसांकडे गेली. अ‍ॅलर्डाइस यांच्यावर कोणताही गुन्हा दाखल झाला नाही आणि डिसेंबर २०१६ मध्ये ते क्रिस्टल पॅलेसचे मॅनेजर झाले. त्याच शोधमोहिमेत पाच हजार पौंड घेताना चित्रित झालेल्या बार्न्स्ली क्लबच्या तत्कालीन सहायक प्रशिक्षकाला मात्र डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने लाचखोरीबद्दल दोषी ठरवले. त्या बातमीला पहिल्या पानाचा मथळा मिळण्याचे काही कारण नव्हते.