रॉजरली : स्फटिकांसाठी खणलेली खाण

खाणीच्या यशाचे माप सर्वसाधारणपणे तिच्यातून निघालेल्या टनांनी घेतले जाते. इंग्लंडच्या उत्तरेस डरहॅम परगण्यात, वीअर नदीच्या खोऱ्यातील फ्रॉस्टर्ली गावाजवळ असलेली रॉजरली खाण मात्र केवळ संग्रहयोग्य स्फटिकांसाठी चालविली गेली असून, कडा शाबूत असलेला आणि कोठेही टवका न उडालेला एखादा गुच्छ हाती आला, तर त्यासाठी फोडलेल्या कित्येक टन खडकाचे श्रम कारणी लागले असे तेथे मानले जाते. या खाणीतून निघणारे खनिज म्हणजे फ्ल्युओराइट. कॅल्शियम आणि फ्लोरीन या दोन मूलद्रव्यांचे हे संयुग दुर्मीळ नाही. पोलाद तयार करताना मळी पातळ करण्यासाठी आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या निर्मितीसाठी ते जगभर मोठ्या प्रमाणावर खणले जाते. रॉजरलीत ते गर्द हिरव्या, आरपार दिसणाऱ्या घनांच्या रूपात सापडते, आणि दिव्याच्या उजेडात हिरवेगार दिसणारे तेच घन उघड्यावर नेल्यावर त्यांच्यावर निळसर जांभळी झाक चढते. या एका गुणामुळे ब्रिटनमधील एक जुनी, सोडून दिलेली दगडखाण जगातील खनिजसंग्राहकांच्या तोंडी आली.

या स्फटिकांचे मूळ समजून घ्यायचे तर उत्तर पेनाइन्स या डोंगराळ प्रदेशाची घडण थोडी पाहावी लागते. तेथील थर कार्बॉनिफेरस कालातील, म्हणजे साधारण 33 कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास साचलेल्या चुनखडीचे, शेलचे आणि वालुकाश्माचे आहेत, आणि त्यांना छेदणाऱ्या भेगांत शिसे व जस्त यांची धातुके, फ्ल्युओराइट आणि बराइट यांच्या शिरा भरलेल्या आहेत. शिरा म्हणजे भेगेत खनिजे साचून तयार झालेला, बहुधा उभा असा पातळ पट्टा. किंग्जली डनहॅम या भूवैज्ञानिकांनी 1934 मध्ये दाखवून दिले की या प्रदेशाच्या मध्यभागी फ्ल्युओराइट आणि कडेच्या भागात बराइट अशी खनिजांची मांडणी आहे. अशा मांडणीवरून खोल कोठेतरी ग्रॅनाइट दडलेला असावा असा तर्क निघाला, मार्टिन बॉट आणि त्यांच्या सहकाऱ्याने केलेल्या गुरुत्वमापनाने त्याला बळकटी दिली, आणि 1960-61 मध्ये रूकहोप येथे घेतलेल्या विंधन छिद्राला सुमारे 390 मीटर खोलीवर ग्रॅनाइट लागलाही. परंतु त्या ग्रॅनाइटचा माथा ऊनपावसाने झिजलेला होता. याचा अर्थ असा की वरची चुनखडी साचण्यापूर्वीच तो उघडा पडला होता, केव्हाच थंड झाला होता, आणि म्हणून त्याच्या वितळलेल्या रसातून वरच्या शिरा थेट भरल्या गेल्या ही समजूत सोडून देणे भाग पडले. पुढे असे मानले जाऊ लागले की ग्रॅनाइटमधील किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या उष्णतेमुळे खोलवरचे खारट पाणी तापून भेगांतून वर चढत राहिले आणि वाटेत विरघळवून घेतलेली द्रव्ये त्याने वरच्या थरांत सोडली. अंदाज तंतोतंत खरा ठरावा आणि त्यामागची कारणमीमांसा मात्र मोडीत निघावी, याचे इतके स्वच्छ उदाहरण भूविज्ञानाच्या इतिहासात क्वचित सापडते.

शिरा अरुंद असतात, आणि अरुंद भेगेत मोठे स्फटिक वाढायला जागा मिळत नाही. रॉजरलीच्या बाबतीत ही जागा ‘ग्रेट लाइमस्टोन’ या सुमारे 20 मीटर जाडीच्या चुनखडीच्या थराने दिली. शिरेतून वर येणारे तप्त पाणी या थरात आडवे पसरले, त्याने चुनखडी विरघळवून तिच्या जागी लोहयुक्त कार्बोनेटे, सिलिका व फ्ल्युओराइट आणून बसविले, आणि या अदलाबदलीत ठिकठिकाणी पोकळ्या राहून गेल्या. थराला समांतर पसरलेल्या अशा खनिजमय भागाला तेथील खाणकामगार ‘फ्लॅट’ म्हणतात. पोकळीच्या भिंतींवर फ्ल्युओराइटचे घन वाढत गेले, आणि त्यांतले बहुसंख्य घन जुळे निघतात. म्हणजे एकाच कर्णाभोवती फिरविलेले दोन घन एकमेकांत घुसल्यासारखे वाढलेले असतात आणि एकाच्या पृष्ठातून दुसऱ्याचा कोपरा बाहेर डोकावतो. घनांच्या मधूनमधून गॅलेनाचे, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचे, करडे चमकदार स्फटिकही बसलेले आढळतात.

वीअर खोऱ्यात शिसे खणण्याची परंपरा फार जुनी आहे, आणि तीत फ्ल्युओराइटला दीर्घकाळ काहीच मोल नव्हते. गॅलेना वेचून घेतल्यावर ते राडारोड्याबरोबर टाकून दिले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिशाचे भाव कोसळले आणि पोलाद कारखान्यांची मागणी वाढली, तेव्हा टाकलेल्या ढिगांनाही गिऱ्हाईक मिळाले. तथापि या खनिजाचे सौंदर्य खाणकामगारांच्या नजरेतून कधीच सुटले नव्हते. कामावरून घरी आणलेले स्फटिक लाकडी पेट्यांत रचून, आत आरसे बसवून ते गुहांची आणि रस्त्यांची दृश्ये उभी करीत. ‘स्पार बॉक्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पेट्या किलहोप येथील शिसे-खाण संग्रहालयाने जतन केल्या. दिवसभर अंधारात राबणाऱ्या माणसांनी कोणी न सांगता जोपासलेली ही कला, आजच्या स्फटिकसंग्रहाच्या इतिहासात तिला मिळते त्यापेक्षा कितीतरी वरचे स्थान देण्याजोगी आहे.

रॉजरलीची दगडखाण मात्र शिशाची नव्हती. 1847 मध्ये रेल्वे फ्रॉस्टर्लीपर्यंत पोहोचल्यावर लोखंडाच्या भट्ट्यांना लागणारी चुनखडी या खोऱ्यातून मोठ्या प्रमाणावर जाऊ लागली आणि नदीकाठचे डोंगर उभे कापले गेले. याच चुनखडीतील प्रवाळजीवाश्मांनी भरलेला एक काळा थर ‘फ्रॉस्टर्ली मार्बल’ म्हणून प्रसिद्ध असून डरहॅम कॅथीड्रलमधील खांबांत तो वापरलेला आहे. चुनखडीचे काम थांबल्यावर दगडखाणीचा उघडा कडा तसाच राहिला, आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला लिंडसे ग्रीनबँक आणि मिक सटक्लिफ या दोन संग्राहकांना त्या कड्यात हिरव्या फ्ल्युओराइटची शीर आढळली. पुढे बरीच वर्षे त्यांनी ती हाताने खणली. 1999 मध्ये कॅल ग्रेबर आणि जेसी फिशर या कॅलिफोर्नियातील जाणकारांनी सहकाऱ्यांसह ‘यूके मायनिंग व्हेंचर्स’ ही संस्था स्थापून खाण भाडेपट्ट्याने घेतली आणि उन्हाळ्याच्या मोसमात तेथे पद्धतशीर काम सुरू केले. त्याच सुमारास फ्रेझर्स ग्रोव्ह ही खोऱ्यातली फ्ल्युओराइटची शेवटची मोठी औद्योगिक खाण बंद पडली. वीअरडेलमधील, म्हणजे वीअर खोऱ्यातील, खाणकाम जे टिकले, ते स्फटिकांच्या रूपाने टिकले.

अशा खाणीतील काम साध्या खाणकामाच्या उलट दिशेने चालते. औद्योगिक खाणीत खडक जितका बारीक फुटेल तितका सोयीचा. येथे सुरुंगाचा एक जादा दणका सबंध हंगामाची कमाई मातीला मिळवू शकतो. फ्ल्युओराइटची काठिण्यश्रेणी अवघी 4 आहे, म्हणजे पोलादी चाकूने त्यावर सहज रेघ उमटते. शिवाय त्याला चार दिशांनी अचूक पाटन आहे. पाटन म्हणजे ठरावीक प्रतलांवर सरळ चिरफळ्या उडण्याचा गुण, आणि त्यामुळे घनाचा कोपरा जराशा धक्क्यानेही त्रिकोणी पृष्ठ मागे ठेवून निसटतो. म्हणून बोगद्यात पुढे सरकताना छिद्रे अपेक्षित पोकळीपासून दूर पाडली जातात, दारू बेताची भरली जाते, आणि खडकात गेरूच्या रंगाची मऊ माती किंवा हिरवट फ्ल्युओराइटचा पट्टा दिसू लागला की सुरुंग थांबवून पहार, छिन्नी आणि हातोडी यांवर काम आणले जाते.

पोकळी उघडते तेव्हा आत चमचमणारी गुहा दिसेल अशी कल्पना असेल तर ती लगेच मावळते, कारण बहुतेक पोकळ्या तपकिरी चिखलाने गच्च भरलेल्या असतात. कामगार खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपतो. बोटांना लागलेली धार छताची आहे की सुट्या पडलेल्या तुकड्याची, हे त्याला स्पर्शानेच ठरवावे लागते. पुष्कळदा छतावरचे गुच्छ फार पूर्वीच तुटून तळाच्या चिखलात उपडे पडलेले असतात आणि त्या मऊ गादीनेच त्यांचे रक्षण केलेले असते. असा तुकडा आधी मोकळा करून, त्याखालची माती काढून, मगच उचलला जातो, आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, चिखलासकट, पेटीत ठेवला जातो. भिंतीला घट्ट धरून बसलेल्या गुच्छांसाठी हिऱ्याचे दाते बसविलेली, द्रवदाबावर चालणारी साखळी-करवत वापरली जाते. तिच्यामुळे मागच्या खडकासह सबंध फळी कापून काढता येते आणि घणाचा हादरा टळतो. चांगल्या पोकळ्यांना कामगार नावे देतात. रॉजरलीतील ‘ब्लॅक शीप’ आणि ‘ज्युएल बॉक्स’ ही नावे संग्राहकांच्या चिठ्ठ्यांवर आजही खाणीच्या नावाखाली लिहिलेली आढळतात.

बाहेर आल्यावर धुण्याचे काम सुरू होते, आणि तेही घाईचे नाही. तापमानातील एकदम बदल फ्ल्युओराइटला सोसत नाही, गरम पाण्याच्या धारेखाली चांगला स्फटिक आतून तडकू शकतो. त्यामुळे पाणी थंडच, आणि ब्रश मऊ. चिखल निघाल्यावर लोहाच्या ऑक्साइडचे तांबूस पापुद्रे उरतात, ते ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणात दीर्घकाळ भिजवून काढले जातात. त्यानंतर मागचा जादा खडक कापून नमुना नीट उभा राहील असा बेतला जातो. तुटलेला कोपरा चिकटविला असेल तर तसे खरेदीदारास सांगणे हा या व्यवहारातील किमान प्रामाणिकपणा होय. न सांगता केलेली डागडुजी अतिनील दिव्याखाली पुष्कळदा उघडी पडते, कारण डिंकाची चमक फ्ल्युओराइटपेक्षा वेगळी असते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. दख्खनच्या काळ्या कातळातील पोकळ्यांत वाढलेले झिओलाइट आणि त्यांच्या सोबतीचा अपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून लोहमार्ग नेताना फोडलेल्या कातळातून निघालेले स्फटिक तेव्हाच इंग्लंडला पोहोचले होते. पुण्याजवळ पाषाणच्या खाणींतून आणि राहुरीकडच्या विहिरींतून निघालेला, व्हॅनेडियममुळे हिरवा झालेला अपोफिलाइट संग्राहक मानाने बाळगतात, सिन्नरजवळच्या मोहदरी भागातून फ्ल्युओराइटचेच पिवळसर गोलाकार नमुने मिळाले आहेत, आणि सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय या संपत्तीचे दर्शन घडविते. फरक असा की येथे स्फटिकांसाठी खाण चालत नाही; विहीर खणताना किंवा खडी फोडताना जे वाचेल ते वाचते, आणि कोठल्या विहिरीतून, कोणत्या थरातून ते निघाले याची नोंद अनेक हातांतून जाताना गळून पडते. जुन्या संग्रहांत ‘पूना’ एवढीच चिठ्ठी असलेले कित्येक नमुने प्रत्यक्षात कोठले, हे आता कोणालाही ठरविता येणार नाही. रॉजरलीच्या नमुन्याबरोबर खाण, पोकळी आणि पुष्कळदा सापडल्याचे वर्षही येते. ठिकाण हरवलेला स्फटिक शोभेचा राहतो, अभ्यासाचा राहत नाही, आणि हे नुकसान टाळायला एक पेन्सिल पुरली असती याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

ग्रेबर-फिशर यांच्या कारकिर्दीनंतर इंग्लंडमधील ‘क्रिस्टल क्लासिक्स’चे इयन ब्रूस यांच्याकडे खाण आली आणि 2017 मध्ये त्याच दगडखाणीत ‘डायना मारिया’ ही नवी खाण सुरू झाली. नव्या कामात पूर्वी हात न लागलेले फ्लॅट उघडले गेले. ‘मिल्की वे’ या नावाने गाजलेली पोकळी याच खाणीतली.

रंगाचा विषय या सगळ्याच्या मुळाशी आहे. केंब्रिजचे खनिजशास्त्रज्ञ एडवर्ड डॅनियल क्लार्क यांनी 1819 मध्येच डरहॅमकडील हिरव्या फ्ल्युओराइटच्या असाधारण रंगगुणांचे वर्णन छापले होते. पुढे 1852 मध्ये जॉर्ज गेब्रियल स्टोक्स यांनी दाखविले की डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पदार्थ शोषून घेतो आणि दृश्य प्रकाशाच्या रूपाने परत टाकतो. या प्रतिदीप्तीला त्यांनी दिलेले ‘फ्ल्युओरेसन्स’ हे इंग्रजी नाव याच खनिजावरून आले. वीअरडेलच्या फ्ल्युओराइटमध्ये विरल मृदा मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात मिसळलेली असतात; त्यांपैकी युरोपियममुळे निळी प्रतिदीप्ती उमटते, तर हिरवा रंग प्रामुख्याने समेरियमशी निगडित असल्याचे मानले जाते. बहुतेक खनिजांची प्रतिदीप्ती पाहायला अंधार आणि खास दिवा लागतो. येथे ती इतकी तीव्र आहे की ढगाळ दिवसाच्या उजेडातील अतिनील किरणही पुरेसे ठरतात. परंतु ज्या उन्हाने ही निळाई प्रकट होते, त्याच उन्हात दीर्घकाळ राहिल्यास मूळ हिरवा रंग फिका पडत जातो. त्यामुळे संग्रहालयाच्या कपाटात हे नमुने अतिनील किरण नसलेल्या दिव्याखाली नुसते हिरवे दिसतात, आणि त्यांची दुसरी छटा दाखवायची तर अतिनील दिव्याची कळ थोडाच वेळ दाबण्याची सोय करावी लागते. खाजगी संग्राहक ते कपाटाच्या बंद खणात ठेवतात आणि पाहुण्यांसाठी खिडकीशी नेऊन, दोन-चार मिनिटांत परत खणात ठेवतात.