ठिपका कुठे अडकला? उसाच्या खेपेतून समजून घेऊ पेट्री नेट

कामाचा क्रम, म्हणजे वर्कफ्लो, गणिताने कसा तपासतात ते आजच्या भागात बघू. उदाहरण ढोकीचंच घेऊ. तेरणा साखर कारखाना इथलाच, मधली कित्येक वर्षं बंद राहिलेला. त्यामुळे तोडचिठ्ठी, टोळी, गव्हाण हे शब्द इथे कुणाला समजावून सांगायला नकोत.

चिठ्ठी, तोड, काटा, बिल असे चौकोन काढून बाणांनी जोडणं सोपं आहे. पण काम मध्येच अडकेल का, हे ते चित्र सांगत नाही.

त्यासाठी लागणाऱ्या गणिताचा पाया जर्मनीच्या कार्ल ॲडम पेट्री यांनी १९६२ च्या प्रबंधात घातला. त्यातून आलं पेट्री नेट. त्यात गोल म्हणजे स्थिती, चौकोन म्हणजे घटना आणि गोलातला ठिपका म्हणजे 'हे आत्ता हजर आहे'. चौकोनाकडे येणाऱ्या प्रत्येक गोलात ठिपका असेल तरच घटना घडते. घडली की ते ठिपके उचलले जातात आणि पुढच्या गोलांत नवे पडतात. नियम एवढाच.

आता समजा, टोळी एक, ट्रॅक्टर एक आणि शेतकरी दोन. पहिल्याने टोळी धरली, तो ट्रॅक्टरची वाट बघतोय. दुसऱ्याने ट्रॅक्टर धरला, तो टोळीची वाट बघतोय. दोघांकडे चिठ्ठी आहे, चूक कुणाचीच नाही, तरी एकही चौकोन चालत नाही. याला म्हणतात डेडलॉक. उपाय नेटमध्येच दिसतो: चिठ्ठी, टोळी आणि वाहन एकाच घटनेत उचलायचं. तिन्ही नसतील तर एकही धरून ठेवायचं नाही.

१९९० च्या दशकात नेदरलँड्सच्या विल व्हॅन डर आल्स्ट यांनी वर्कफ्लोसाठी खास नेट मांडलं आणि ते 'साउंड' आहे का, हे तपासायला तीन प्रश्न दिले. कुठूनही शेवटापर्यंत पोचता येतं का? शेवटाला पोचल्यावर मागे एखादा ठिपका उरतो का? कधीच न घडणारी घटना आहे का?

दुसरा प्रश्न आपल्या खिशाचा आहे. गव्हाणीत ऊस पडला की दोन वाटा फुटतात: रिकामं वाहन परत, आणि वजनावरून बिल. वाहन परतलं की 'खेप पूर्ण' असं नेटमध्ये मांडलं, तर बिलाचा ठिपका मागेच राहतो. कागदावर काम संपलेलं, शेतकरी मात्र थांबलेला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे पैसे १४ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. म्हणून दोन्ही वाटा जुळल्यावरच खेप पूर्ण धरायची.

साधं नेट उशीर किती होईल ते सांगत नाही, त्यासाठी वेळ जोडलेली नेट वेगळी असतात. पण तोडलेला ऊस वाळतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. तेव्हा काम कुठे अडकणार, हे हंगामाआधी कागदावरच कळलेलं बरं.

तुमच्या सोसायटीतलं किंवा बाजार समितीतलं एखादं काम असं मांडून बघा. ठिपके म्हणून हरभरे चालतील! भेटू पुढच्या भागात.