बाबांच्या लॅपटॉपचा राखणदार

भाचीला यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, म्हणून लॅपटॉप घ्यायला आम्ही तिघं सिकंदराबादला पार्कलेनच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये गेलो. भाची, मी आणि माझे बाबा. हैदराबादकरांना नुसतं ‘सीटीसी’ म्हटलं तरी पुरतं. लॅपटॉप ठरला, बॅग फुकट मिळाली आणि बिल करता करता दुकानदाराने सवयीने विचारलं, “मॅडम, अँटिव्हायरस डाल दूँ? तीन साल का डालो, फिर टेन्शनइच नक्को.”

भाचीने माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. बाबा म्हणाले, “आज नको. घरी जाऊन आधी नीट बघू.”

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने असं का म्हणावं, हे सांगायचं तर २०१९ सालात जावं लागेल.

निवृत्त झाल्यावर बाबा हट्टाने मराठी टायपिंग शिकले आणि आठवणी लिहायला लागले. काचीगुड्यातलं घर, विवेक वर्धिनी शाळा, सुलतान बाजारातल्या दुकानांच्या पाट्या, आजोबांकडून ऐकलेली पोलीस ॲक्शनच्या दिवसांतली हकीकत. त्याच लॅपटॉपमध्ये आईचे फोटो होते. ती २०१७ मध्ये गेली. लॅपटॉपबरोबर आलेल्या अँटिव्हायरसची मुदत केव्हाच संपली होती. रोज उजव्या कोपऱ्यात लाल चौकट यायची आणि माशी हाकलावी तशी बाबा ती बंद करायचे.

त्या जूनमध्ये माझा भाचा सुट्टीला आला. त्याला फोटो एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर फुकट हवं होतं. त्याने ‘क्रॅक’ उतरवून घेतला. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती : आधी अँटिव्हायरस बंद करा. (चोराने दार उघडं ठेवायला सांगावं आणि आपण ठेवावं!) तासाभरात प्रत्येक फायलीच्या नावापुढे एक विचित्र शेपूट आलं आणि एकही फाइल उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी होती : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर निम्म्यात, ४९० मध्ये काम होईल. सवलतसुद्धा देतात ही मंडळी.

हा ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाचा रॅन्समवेअर होता. मोठ्या कंपन्यांच्या मागे न लागता तो घरगुती लोकांना पकडत होता आणि त्याचा प्रसार मुख्यतः अशा क्रॅकमधूनच होत होता. आम्ही पैसे दिले नाहीत. दिले असते तरी फायली मिळाल्याच असत्या, याची हमी काय? बाबा काही बोलले नाहीत. दोन दिवस त्यांनी लॅपटॉपवर टॉवेल टाकून ठेवला. भाचा तर जेवायलाही येईना.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एम्सिसॉफ्ट या कंपनीने या रॅन्समवेअरच्या जुन्या प्रकारांवर उतारा काढला आणि तोही फुकट. अट एवढीच की एकाच फायलीच्या दोन प्रती हव्यात : एक बिघडलेली आणि एक मूळची, धड असलेली. तीही दीडशे केबीपेक्षा मोठी आणि प्रत्येक प्रकारच्या फायलीसाठी वेगळी जोडी. आम्ही घरभर शोधलं. शेवटी आठवलं की आठवणींतलं एक प्रकरण, फोटो घालून, बाबांनी दिवाळी अंकाच्या संपादकांना मेल केलं होतं. ‘सेंट’मध्ये ते जसंच्या तसं पडून होतं. त्या एका फायलीच्या जोरावर सगळ्या वर्ड फायली परत उघडल्या.

फोटो मात्र उघडले नाहीत. फोटोंसाठी त्याच कॅमेऱ्याने काढलेला एखादा मूळ फोटो हवा होता. नातेवाइकांकडे होते ते व्हॉट्सॲपवर गेलेले, म्हणजे आकार कमी झालेले. डोळ्यांना तो तोच फोटो, पण संगणकाच्या लेखी ती वेगळीच फाइल.

म्हणून यावेळी आम्ही खरोखर अभ्यास केला. भाचीला कॉलेज सुरू व्हायला तीन आठवडे होते आणि बाबांना तर वेळच वेळ.

पहिली गोष्ट कळली ती आम्हाला २०१९ मध्येच कळायला हवी होती. विंडोजमध्ये अँटिव्हायरस आधीपासून असतो. डिफेंडर. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून तो सोबतच येतो, पैसे पडत नाहीत आणि विंडोजच्या अपडेटबरोबर तोही ताजा राहतो. दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर बाजूला होतो. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर जे महिन्या-दोन महिन्यांचं चाचणीपुरतं सॉफ्टवेअर येतं, त्याचे पैसे भरायचे नसतील तर ते पूर्ण काढून टाकावं आणि ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून डिफेंडर चालू झालाय ना हे पाहावं. मुदत संपलेलं सॉफ्टवेअर म्हणजे पगार थांबलेला वॉचमन. खुर्चीवर बसलेला दिसतो, पण गेटवर कोण आलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि दोन अँटिव्हायरस एकदम टाकू नयेत. ते एकमेकांवरच संशय घेतात आणि लॅपटॉप बैलगाडीच्या गतीने चालतो.

मग पैसे देऊन घ्यायचं ते कशासाठी? बाबांचं मत होतं की घ्यायचंच तर आपल्या माणसाचं घ्यावं, आणि तिथे ते क्विक हीलची गोष्ट घेऊन बसले. ती आहेच तशी. साताऱ्याकडचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे मंगळवार पेठेत स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. संगणक दुरुस्तीला यायला लागले तसे त्यांत व्हायरसही दिसू लागले. धाकटा भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होता. त्याने व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले. गिऱ्हाइकाचा संगणक साफ करता करता त्यातूनच विकण्याजोगी वस्तू उभी राहिली. २००७ मध्ये कंपनीलाच क्विक हील हे नाव मिळालं आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. पेठेतल्या दुकानापासून तिथवर.

भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आजोबा, गोष्ट छान आहे. पण चाचणीत मार्क किती?”

तिचंही खरं होतं. जर्मनीत एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियात एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्था अशी सॉफ्टवेअर्स वारंवार तपासतात. एव्ही-टेस्ट तीन विषयांत प्रत्येकी सहा मार्क देते : संरक्षण, लॅपटॉपची गती किती मंदावते, आणि निरुपद्रवी फायलींनाच चोर ठरवतं का. निकाल कुणालाही फुकट पाहता येतात. एकाच वेळचा निकाल न पाहता मागचे चार-पाच पाहावेत. आम्ही पाहिले. वरच्या रांगेत बरीच नावं असतात आणि त्यांत फुकटचा डिफेंडरही असतो. बाबा जरा खट्टू झाले.

पण मार्कांत न मोजली जाणारी एक बाब उरतेच. अँटिव्हायरसला आपण घराची किल्ली देतो. तो प्रत्येक फाइल उघडून पाहतो, आपण कुठल्या साइटवर गेलो तेही त्याला दिसतं. अव्हास्ट या नावाजलेल्या कंपनीवर ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याचा ठपका आला आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या ट्रेड कमिशनने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. शमशाबादच्या विमानतळावर प्रवाशांना त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. राखणदारच दारात आडवा पडला तर घरचे बाहेर कसे जाणार!

तरीही सर्वांत मोठं भोक सॉफ्टवेअरमध्ये नसतंच. इथल्या महेश बँकेतून जानेवारी २०२२ मध्ये बारा कोटींहून जास्त रक्कम गेली. पोलिसांच्या तपासात सुरुवात कुठे निघाली? कर्मचाऱ्यांना आलेल्या फसव्या मेलमध्ये. बँकेत जे घडतं ते काचीगुड्यात घडायला किती वेळ?

शेवटी असं ठरलं. भाचीच्या लॅपटॉपवर डिफेंडरच. त्यातली ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाची सोय आपण होऊन चालू करावी लागते, ती केली. आता अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्समध्ये हात घालता येत नाही. रोजच्या वापराचं खातं साधं ठेवलं, ॲडमिनचा पासवर्ड वेगळा. क्रॅकबद्दल तिला काही सांगावं लागलं नाही, घरात तो शब्दच कुणी काढत नाही. पैसे आम्ही खर्च केले ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर.

बाबांच्या लॅपटॉपवर मात्र पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर टाकलं, पुण्याचंच. काही अडलं तर फोनवर माणूस मिळावा, हे त्यांना मार्कांपेक्षा महत्त्वाचं वाटतं आणि त्या वयात ते मला पटतं. शिवाय हैदराबादच्या सी-डॅकने बनवलेलं ‘यूएसबी प्रतिरोध’ त्यांनी स्वतः शोधून काढलं. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर ते फुकट आहे. आता भाच्याचा पेनड्राइव्ह त्यांच्या परवानगीशिवाय चालत नाही. भाचा हसतो, पण विचारून लावतो.

दर शनिवारी संध्याकाळी बाबा हार्ड डिस्क लावतात, आठवड्याचं लिखाण उतरवतात, डिस्क काढतात आणि आईच्या कपाटात ठेवतात. लावलेलीच ठेवली तर रॅन्समवेअर तीही गिळतो, हे ते आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात.

आईचे ते सगळे फोटो, शेपटासकट, त्याच डिस्कवर आहेत. पुसले नाहीत. एक मूळ फोटो मिळाला तर पुन्हा प्रयत्न करून पाहायचा आहे. २०१२ ते २०१६ या काळात मंडळाच्या गणेशोत्सवात, कोजागिरीला, हळदीकुंकवाला बाबा आपला छोटा चंदेरी कॅमेरा घेऊन सगळ्यांचे फोटो काढत फिरायचे आणि नंतर मेलने पाठवायचे. वाचकांपैकी कुणाच्या जुन्या मेलमध्ये त्यातला एखादा असेल तर डाउनलोड करून तसाच मेलने मंडळाकडे पाठवा. व्हॉट्सॲपवर नको.