एका सिस्टरच्या पेशी आणि लक्ष्मणफळाचा पाला

"लक्ष्मणफळाच्या पाल्याचा काढा घ्या, कॅन्सर बरा होतो. प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे!" असा निरोप हल्ली मोबाईलवरून घरोघरी पोचतो. त्यावर विसंबून कोणी चालू उपचार सोडला, तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून ‘प्रयोगशाळेत सिद्ध झाले’ म्हणजे नेमके काय झाले, ते आज समजून घेऊ.

बहुतेक वेळा झालेले असते ते एवढेच: काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर पाल्याचा अर्क घातला आणि त्या पेशी मेल्या. या पेशी येतात कुठून?

सिस्टर कॅथरीन फ्रान्सेस मॅलन

स्तनाच्या कॅन्सरच्या संशोधनात जगभर सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पेशींना ‘एमसीएफ-७’ म्हणतात. त्या अमेरिकेतील मिशिगन राज्यात, मनरो येथील कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर कॅथरीन फ्रान्सेस मॅलन यांच्या. त्यांना स्तनाचा कॅन्सर झाला होता. १९७० साली त्यांच्या फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यातून या पेशी घेतल्या. त्याच वर्षी सिस्टर देवाघरी गेल्या. डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमधील डॉ. हर्बर्ट सूल व सहकाऱ्यांनी १९७३ साली या पेशींची माहिती प्रसिद्ध केली. सातव्या प्रयत्नाला यश आले, म्हणून नावात ७.

टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरवरील औषध कसे काम करते, हे समजण्यास या पेशींची फार मदत झाली. या गोळ्या आजही दिल्या जातात. पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशा अनेक वाणांच्या पेशी सांभाळते आणि देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवते.

नाव एक, गुण वेगळे

निरोगी माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. एमसीएफ-७ च्या पेशींत ती बहुधा ६६ ते ८७ भरतात. म्हणजे बशीतली पेशी हा पुरा माणूस नव्हेच. शिवाय ती आपल्या बहिणींसारखीही राहत नाही.

आपल्या मानकुरादचेच पाहा. नाव एकच, पण सगळ्या झाडांची फळे सारखी नसतात; म्हणूनच त्यातून ‘कार्दोझ मानकुराद’सारखा वाण निवडता आला. पेशींचेही तसेच. वर्षानुवर्षे वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वाढताना त्यांच्या जनुकांत नवे बदल होतात, आणि जी पेशी तिथल्या खाद्यावर जोमाने वाढते तिचाच वंश पुढे टिकतो.

दुसरा फरक जनुकांच्या कामाचा. खाजनाच्या मानशीचे दार किती उघडले, यावर आत किती पाणी येणार ते ठरते. तसेच कोणते जनुक किती चालू आणि कोणते बंद, यावर पेशीचे वागणे ठरते.

२०१८ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी एमसीएफ-७ चे २७ उपवाण शेजारी ठेवून तपासले आणि त्यांच्यावर ३२१ औषधी द्रव्ये वापरून पाहिली. ज्या द्रव्यांनी काही उपवाणांना जोरदार रोखले, त्यांपैकी किमान ७५ टक्के द्रव्यांचा दुसऱ्या काही उपवाणांवर काहीच परिणाम झाला नाही! एकाच सिस्टरच्या पेशींची ही गत, तर डिचोलीच्या एखाद्या मावशीच्या शरीराबद्दल बशीवरून काय सांगणार?

मग आपण काय करावे?

बशीतला प्रयोग निरुपयोगी नाही. ती पहिली पायरी आहे. पुढे प्राण्यांवर, मग रुग्णांवर चाचण्या व्हाव्या लागतात. लक्ष्मणफळाने माणसाचा कॅन्सर बरा होतो, असे रुग्णांवरील चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. उलट कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर हे फळ आणि पाल्याचा काढा नेहमी घेणाऱ्यांत कंपवातासारखा आजार आढळल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

तेव्हा परसात लक्ष्मणफळ असेल तर ते फळ म्हणून अधूनमधून खावे, औषध म्हणून नव्हे. स्तनात गाठ लागली, कातडी ओढली गेली किंवा बोंडातून रक्त आले, तर लाजू नये, वाट पाहू नये. पेडणे वा डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवावे. तिथून बांबोळीला पाठवले तर जावे. घरगुती काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगावे. आणि सुरू असलेला उपचार कोणत्याही निरोपावरून सोडू नये.

सिस्टर मॅलन यांच्या पेशी पन्नास वर्षांहून अधिक काळ आजाऱ्यांच्या कामी येत आहेत. प्रार्थनेत त्यांची आठवण ठेवू या.