पेरणी कधी? टक्केवारी नको, खंडाचा अंदाज हवा!

२०२३ चा पावसाळा देशभरात सरासरीच्या ९४ टक्क्यांवर संपला. आकडा बरा वाटतो, पण त्यातला ऑगस्ट १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा होता. सोयाबीन फुला-शेंगांवर असताना उघडीप पडली, तर वर्षाची सरासरी काय कामाची? कोरडवाहू शेतकऱ्याला हवा असतो पुढच्या दोन-चार आठवड्यांचा, आपल्या भागापुरता अंदाज. तो आता मिळू लागलाय! २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला (एरवीची तारीख ११ जून), आणि मग त्याची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत अडली. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या अंदाजांनी पावसातला हा खंड आधीच हेरला होता. केंद्रीय कृषी मंत्रालयाने त्या खरिपात असे अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना एसएमएसने पाठवले, मराठीतूनसुद्धा.

‘अंदाज चुकतातच की’ हा आक्षेप रास्त आहे. अंदाज चुकला तर दुबार पेरणी, म्हणजे बियाणं, खत आणि मजुरीचा खर्च पुन्हा, तोही बहुधा उसनवारीवर. पण अंदाज न पाहता पेरणं हाही जुगारच, आणि त्यात शक्यता किती तेही कळत नाही. ‘शेतकऱ्याला शक्यतेची भाषा समजत नाही’ हे तर मला अजिबात पटत नाही. तुरीत मूग-उडदाचं आंतरपीक घेणारा माणूस शक्यताच तोलत असतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला पाळावाच. सोबत पुढचा खंडही पाहावा.